पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर नाकातून पाणी येतंय: सर्दी की मेंदूचं पाणी?

प्रश्न निफाडहून आला आहे. वडील ५४ वर्षांचे, द्राक्षबागायतदार. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची मोठी गाठ मुंबईत नाकातून दुर्बिणीने काढली, पाचव्या दिवशी घरी सोडलं. आठव्या दिवशी सकाळी देवपूजेला वाकल्यावर डाव्या नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकलं, दुपारी पुन्हा तसंच. जवळच्या डॉक्टरांनी सर्दीच्या गोळ्या दिल्या. ऑपरेशन केलेले सर्जन फोनवर म्हणाले, लगेच या, कमरेत नळी घालावी लागेल, कदाचित पुन्हा ऑपरेशनही. मुलगी विचारते: हे खरंच मेंदूचं पाणी आहे का? आपोआप थांबणार नाही का? नळी नाशिकमध्येच घातली तर चालेल का? आणि ऑपरेशनमध्ये एकदा बंद केलेलं छिद्र पुन्हा उघडतं कसं?

सर्जन म्हणतात ते बरोबर आहे. उद्यावर ढकलू नका.

ऑपरेशनला दोन आठवडे व्हायचे आहेत, पाणी एकाच नाकपुडीतून येतंय, वाकल्यावर येतंय आणि रंगहीन आहे. एवढं जुळलं की उलट सिद्ध होईपर्यंत ते मेंदूचं पाणी, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचा द्रव, सीएसएफ, असंच धरून चालायचं. सर्दीच्या गोळ्या थांबवा. त्यांनी गळती बंद होत नाही, मात्र झोप येते. अशा रुग्णात गुंगी हे धोक्याचं लक्षण असतं. ती गोळीची की मेंदूची, हेच मग कळेनासं होतं.

सर्दीचा स्राव चिकट असतो आणि रुमालावर वाळला की कापड कडक होतं. सीएसएफ वाळल्यावर कापड मऊच राहतं. तिखट मिसळ खाल्ल्यावर येणारं पाणी दोन्ही नाकपुड्यांतून येतं आणि खाणं संपलं की थांबतं. सलाईनने नाक धुवायला सांगितलं असेल तर ते सायनसमध्ये साठून दोन-तीन तासांनी वाकल्यावर एकदम बाहेर पडू शकतं, म्हणून शेवटचं नाक कधी धुतलं ते आठवून ठेवा. घशामागे खारट पाणी उतरल्यासारखं वाटणं, रात्री आडवं झाल्यावर कोरडा खोकला येणं, ही गळतीच असू शकते. झोपेत पाणी गिळलं जातं, त्यामुळे सकाळी नाक कोरडं दिसलं म्हणून गळती थांबली असं समजू नका.

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर थेंब टाकून साखर बघण्याची जुनी पद्धत अजून वापरली जाते. नाकाच्या स्रावात आणि अश्रूंतही साखर असते, रक्ताचा अंश असला तर असतेच, त्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह आली तरी काही सिद्ध होत नाही. उशीवर मधे लाल डाग आणि भोवती फिकट कडं दिसतं, त्याचंही तेच. रक्तात साधं पाणी किंवा लाळ मिसळली तरी तसं कडं पडतं. खात्रीची तपासणी म्हणजे बीटा-२ ट्रान्सफेरिन. हे प्रथिन सीएसएफमध्ये असतं, नाकाच्या साध्या स्रावात नसतं. त्यासाठी अर्धा ते एक मिलिलिटर द्रव पुरतो. पॅथॉलॉजी लॅबमधून लघवीच्या तपासणीची निर्जंतुक बाटली आणा, वडिलांना खुर्चीत बसवून डोकं पुढे झुकवा, बाटली नाकपुडीखाली धरा आणि थेंब आपोआप पडू द्या. कापसाने टिपून पिळू नका. बाटलीवर वेळ लिहून ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सोबत रक्ताचा नमुना दिला तर निकाल वाचणं सोपं जातं. मात्र नमुना बाहेरच्या लॅबला जातो आणि अहवालाला काही दिवस लागतात. वाकवल्यावर समोर थेंब पडताना दिसत असतील, तर अहवाल येईपर्यंत घरी थांबण्यात अर्थ नाही.

निघेपर्यंत घरी काय करायचं? पाठीमागे उशा लावून डोकं आणि छाती मिळून ३० अंश वर ठेवा. नुसत्या मानेखाली उशी नको, मान मुडपली की शिरांमधला दाब वाढतो. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. नाकात कापूस कोंबू नका. पाणी मागे घशात जातं आणि कोंडलेला ओला कापूस जंतूंना वाढायला जागा देतो. हवं तर नाकाखाली गॉजची घडी सैल चिकटवा, ती किती वेळाने भिजते हे लिहून ठेवा. सर्जनला ही माहिती फार कामाची असते. शौचाला जोर लावायचा नाही, उकिडवं बसायचं नाही, कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. पोट साफ होण्यासाठी लॅक्ट्युलोजसारखं औषध सर्जनना विचारून द्या. वाकून बूट घालणं, बादली उचलणं, साष्टांग नमस्कार, सगळं बंद. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शंख फुंकणं आणि तपकीर यांवर तर काही आठवडे कडक बंदी हवी. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘जड उचलू नका’ एवढंच ऐकलेला माणूस पहाटे उठून निष्ठेने प्राणायाम करतो, आणि त्याच्या लेखी तो आरामच असतो.

दोन गोष्टी गळतीच्या नाहीत, पण याच आठवड्यात येतात आणि गळतीच्या गोंधळात सुटतात. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात रक्तातलं सोडियम घसरू शकतं. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं आणि तीच गळतीचीही. म्हणून रुग्णालयात पोचल्याबरोबर सोडियम तपासायला सांगा. दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन चालू असेल तर एकही डोस चुकवू नका. ताप, उलटी किंवा पुन्हा ऑपरेशन अशा ताणात शरीराला नेहमीपेक्षा जास्त स्टेरॉइड लागतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर शिरेतून द्यावं लागतं, साधारण १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनने सुरुवात करतात. कॅज्युअल्टीत नाव सांगताना ‘पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय, स्टेरॉइड चालू आहे’ हे त्याच वाक्यात सांगा.

आता नाशिक की मुंबई. ज्या सर्जनने गाठ काढताना पडलेलं छिद्र बंद केलं त्यालाच तिथे काय ठेवलंय हे माहीत असतं: चरबी किती, पडदा कुठला, फ्लॅप (नाकाच्या आतून फिरवून छिद्रावर बसवलेला तुकडा) उजव्या बाजूचा की डाव्या. त्यामुळे ताप नसेल, वडील शुद्धीवर आणि नीट बोलत असतील, तर मूळ सर्जनकडे जाणं योग्य. नाशिकहून मुंबई सुमारे १६५ किलोमीटर. मागची सीट अर्धी मागे रेलून, डोकं वर ठेवून प्रवास करता येतो. छिद्रातून कवटीत हवा शिरलेली असली तरी कसारा घाट उतरताना ती फुगत नाही. हवा फुगते ती वर चढताना. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे, त्यामुळे परतीच्या वेळी हा विचार करायचा: सीटी स्कॅनमध्ये डोक्यात बरीच हवा असेल तर सर्जनने हो म्हटल्याशिवाय परत निघू नका, आणि विमान तर नकोच.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, मान आखडणं, उजेड सहन न होणं, असंबद्ध बोलणं, गुंगी, झटका किंवा अचानक नजर कमी होणं, यांतलं एकही असेल तर मुंबईचा विचार बाजूला ठेवा. १०८ बोलवा आणि नाशिकमधल्या, जिथे न्यूरोसर्जन, सीटी आणि आयसीयू तिन्ही आहेत अशा जवळच्या रुग्णालयात जा. मेंदूज्वराची शंका असेल तर रक्ताचा कल्चर घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच गेला पाहिजे. डोक्याच्या ऑपरेशननंतरच्या मेंदूज्वरात साध्या औषधांवर भागत नाही. व्हॅन्कोमायसिनसोबत सेफेपिम, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम अशी जोडी लागते. घाट उतरण्यात गेलेले चार तास या आजारात परवडत नाहीत. रुग्ण स्थिर झाला की मग हलवता येतो. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट आणि एमआरआयची सीडी सोबत ठेवा. ऑपरेशन नोट मिळाली नसेल तर सर्जनकडून फोनवर तिचा फोटो मागवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्या एका कागदावर येतात.

आपोआप थांबेल का, हे कळण्यासाठी पाण्याचं गणित बघावं लागतं. शरीर तासाला सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास सीएसएफ तयार करतं. मेंदू आणि मणका मिळून एका वेळी त्यातलं १५० मिलिलिटर असतं, बाकीचं सतत रक्तात शोषलं जातं. म्हणजे पाणी ‘संपून जाईल’ ही भीती खरी नाही. भीती आहे ती उघड्या वाटेची. ज्या वाटेने पाणी खाली येतं त्याच वाटेने नाकातले जंतू आणि हवा वर जातात. थेंब दिवसाकाठी चारच पडोत, वाट उघडी आहे तोवर मेंदूज्वराचा धोका कायम.

बारीक झिरप कधीकधी विश्रांतीने थांबते. अपघातात कवटी फुटून होणारी गळती बरेचदा आठवड्याभरात आपोआप थांबते, आणि त्यावरून लोक ऑपरेशननंतरच्या गळतीबद्दल अंदाज बांधतात. ते चूक आहे. अपघातात हाडाला चीर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जिवंत ऊतक असतं. इथे सर्जनने हाडाची खिडकीच काढलेली असते, ड्युरा म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण कापलेलं असतं आणि मधे आपण ठेवलेला पडदा असतो. तो सरकला तर जखमेच्या कडा आपणहून जवळ येत नाहीत.

ऑपरेशनच्या वेळी पाणी किती आलं याची प्रत (ग्रेड) टेबलावरच ठरवतात. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे झिरप दिसते पण छिद्र सापडत नाही. दोन म्हणजे गाठीच्या वरच्या पातळ पडद्याला दिसणारं छिद्र. तीन म्हणजे मोठं भगदाड. मोठी, वर चढलेली गाठ काढताना तो पडदा फाटणं हा बहुधा हलगर्जीपणा नसतो, गाठीनेच तो कागदासारखा पातळ केलेला असतो. पहिल्या प्रतीला कोलॅजनचा तुकडा आणि वर फायब्रिन ग्लू, म्हणजे वैद्यकीय गोंद, पुरतो. दुसरीला पोटाची चरबीही लागते. तिसरीला बहुधा अनेक थर आणि नाकाच्या पडद्याचा रक्तपुरवठ्यासह फिरवलेला फ्लॅप लागतो. हा फ्लॅप अर्जेंटिनातल्या रोझारिओच्या हदाद आणि बासागास्तेगी या सर्जननी विकसित केला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला आणि या शस्त्रक्रियेचं चित्र बदललं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात मोठ्या छिद्रांसाठी नुसते मोकळे तुकडे वापरले तेव्हा गळती १५.६ टक्के आणि रक्तपुरवठा असलेला फ्लॅप वापरला तेव्हा ६.७ टक्के निघाली. तेव्हा सर्जनना विचारायचा पहिला प्रश्न: टेबलावर गळती कितव्या प्रतीची होती आणि फ्लॅप घेतला होता का?

मग छिद्र पुन्हा उघडतं कशामुळे? सर्वांत साधं कारण म्हणजे पडदा जागेवरून सरकणं. घरच्या पाण्याच्या टाकीला आतून ठिगळ लावलं तर पाण्याचाच दाब ते भिंतीला चिकटवून धरतो, बाहेरून लावलं तर तोच दाब त्याला ढकलून देतो. इथेही ड्युराच्या आतून बसवलेला थर टिकतो आणि नुसता बाहेरून ठेवलेला थर शिंकेसरशी हलतो. दुसरं कारण, फ्लॅपच्या खाली हाडावर सायनसचं अस्तर राहून जाणं. अस्तरावर फ्लॅप चिकटत नाही, आणि खाली दबलेलं अस्तर वर्षांनंतर म्युकोसील, म्हणजे चिकट स्रावाची पिशवी, बनून त्रास देतं ते वेगळंच. तिसरं, फ्लॅप तोकडा पडून एका कोपऱ्यात फट राहणं किंवा कड आत दुमडली जाणं. चौथं, फ्लॅपची रक्तवाहिनी दाबली जाऊन तो मरणं. कॉन्ट्रास्टच्या एमआरआयमध्ये जिवंत फ्लॅप उजळतो, मेलेला काळा राहतो. चरबी आक्रसून पोकळी उरणं हे आणखी एक. आणि शेवटचं, जे सर्वांत जास्त सुटतं: डोक्यातला दाबच मुळात जास्त असणं. वजन जास्त, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या, असं काही असेल तर तुम्ही कितीही सुबक ठिगळ लावा, दाब ते पुन्हा ढकलणार.

रुग्णालयात पहिली तपासणी म्हणजे दुर्बिणीने नाक बघणं आणि डोक्याचा सीटी. सीटी आधी, कमरेची नळी नंतर. हा क्रम उलटा झाला तर घात होऊ शकतो. वर मोठं छिद्र उघडं असताना खालून पाणी काढलं तर कवटीत हवा ओढली जाते. ती दाबाखाली साठली की मेंदूचे पुढचे दोन्ही भाग मागे रेटले जातात आणि सीटीवर जपानच्या फुजी पर्वतासारखी आकृती दिसते. तेव्हा नळी असेल तर ताबडतोब बंद करतात आणि छिद्र बंद करायला धावावं लागतं. याच कारणाने अशा रुग्णाला सीपॅप किंवा बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क लावायचा नाही आणि नाकातून अन्ननलिकेत नळी आंधळेपणाने सरकवायची नाही. घोरण्यासाठी रात्री सीपॅप वापरणारे रुग्ण बरेच असतात. घरचं मशीन सोबत आणलं असेल तर ते बॅगेतच राहू द्या.

छिद्र नेमकं कुठे हे दिसत नसेल तर एक मिलिमीटरहून पातळ कापांचा सीटी हाड दाखवतो, आणि विशेष टी-२ क्रमाचा एमआरआय पाण्याची वाट दाखवतो. ऑपरेशनच्या टेबलावर शोधायचं असेल तर कमरेतून फ्लुरोसीन हा रंग देतात: १० टक्क्यांच्या द्रावणाचं ०.१ मिलिलिटर, रुग्णाच्याच १० मिलिलिटर सीएसएफमध्ये मिसळून, दहा मिनिटं किंवा त्याहून सावकाश. हिरवट-पिवळं पाणी जिथून येतं ते छिद्र. मात्रा वाढली की झटके येऊ शकतात, म्हणून हे मोजमाप डोळ्यात तेल घालून करायचं काम आहे आणि त्यासाठी रुग्णाची वेगळी संमती हवी.

आता कमरेच्या नळीबद्दल, म्हणजे लंबर ड्रेन. तिचं काम छिद्र बुजवणं नाही. पाण्याला दुसरी वाट देऊन वरच्या पडद्यावरचा दाब काही दिवस कमी ठेवायचा, तेवढ्यात पडदा चिकटावा, एवढीच अपेक्षा. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून बारीक नळी घालतात आणि तासाला ५ ते १० मिलिलिटर पाणी काढतात, साधारण तीन ते पाच दिवस. पिट्सबर्गमध्ये १७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत एक चौरस सेंटिमीटरहून मोठं छिद्र असलेल्यांना ऑपरेशनच्या वेळीच नळी घालून ७२ तास ताशी १० मिलिलिटर पाणी काढलं. त्यांच्यात नंतरची गळती ८.२ टक्के झाली, नळी न घातलेल्यांत २१.२ टक्के. हा आकडा लक्षात ठेवताना एक भेद विसरू नका. ती नळी गळती होऊ नये म्हणून होती. सुरू झालेली मोठी गळती नुसत्या नळीने थांबेल असं त्यातून निघत नाही.

नळी लागल्यावर पलंगाशी नातेवाईकच जास्त वेळ बसतात, म्हणून हे त्यांच्यासाठी. मापाच्या चेंबरची उंची ठरवून दिलेली असते. रुग्णाला बसवायचं, कुशीवर वळवायचं, पलंग वर-खाली करायचा किंवा स्कॅनला न्यायचं असेल तर नर्सने आधी क्लॅम्प बंद करायचा, हालचाल झाल्यावर उंची जुळवून मग उघडायचा. उघड्या क्लॅम्पने माणूस उठून बसला तर काही मिनिटांत ५०-६० मिलिलिटर निघून जाऊ शकतं. तुम्ही स्वतः क्लॅम्पला हात लावू नका, हाक मारा. जास्त पाणी गेल्याची खूण म्हणजे बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी. गती कमी केल्यावर ती बहुधा शमते. डोकेदुखीसोबत गुंगी आली तर वाट बघायची नाही, नळी बंद करून सीटी, कारण मेंदूवरच्या शिरा ताणून रक्तस्राव झालेला असू शकतो. पाणी येणं एकदम थांबलं तर आधी नळी पाठीखाली मुडपली आहे का ते बघतात. पायात वीज चमकल्यासारखी कळ आली तर नळी मज्जातंतूला टेकली आहे, थोडी मागे घेतल्यावर थांबते. पाणी गढूळ दिसलं, ताप आला तर नमुना पाठवायचा. मात्र रोज उगाच नमुना काढणं टाळावं, दर वेळी जोड उघडला की जंतूंना संधी मिळते. पोटऱ्यांची हालचाल दर तासाला करून घ्या, पडून राहून पायात रक्ताच्या गुठळ्या होतात.

काढण्याआधी नळी १२ ते २४ तास बंद ठेवून बघतात. वाकवूनही नाक कोरडं राहिलं तर काढतात, टोक अख्खं आलंय का ते तपासतात आणि त्या जागी एक टाका घालतात. असेटाझोलामाइड, २५० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाण्याची निर्मिती कमी करतं. ते जोडीचं औषध आहे, एकट्याने मोठी गळती थांबवत नाही. बोटांना मुंग्या येतात, पोटॅशियम उतरतं, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. ताप नसताना नुसत्या गळतीसाठी दिवसेंदिवस अँटिबायोटिक देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे निवडून उरतात.

नळी नाशिकमध्ये घालता येईल का? घालणं अवघड नाही, न्यूरोसर्जन किंवा अनुभवी भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी ती घालतात. प्रश्न पुढचा आहे. नळी चालू असताना गळती थांबली नाही तर दुर्बिणीने दुरुस्ती करणारी न्यूरोसर्जन आणि नाक-कान-घसा सर्जनची जोडी त्याच छताखाली हवी. ती असेल तर नाशिकमध्येच राहा, मुंबईच्या सर्जनशी फोनवर दोघांचं बोलणं करून द्या. नसेल तर नळी लावून मग घाटातून रुग्ण नेणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का हे तिथल्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

पुन्हा ऑपरेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या छिद्राची, धारेने येणारी गळती असेल, दुर्बिणीत फ्लॅप सरकलेला दिसत असेल किंवा सीटीत हवा वाढत असेल, तर नळीचे प्रयोग न करता थेट दुरुस्ती करावी. लहान छिद्र आणि थेंब-थेंब गळती असेल तर नळीला ४८ ते ७२ तास द्यावेत. तेवढ्यात कमी झाली नाही तर थांबू नये. नातेवाईकांना दुसरं ऑपरेशन म्हणजे पराभव वाटतो आणि ते आणखी चार दिवस नळीवर मागतात. पडून राहण्याचे, उघड्या वाटेचे ते चार दिवस दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा जास्त धोक्याचे असतात. आठ-दहा दिवसांच्या आत फ्लॅप अजून मऊ असतो, उचलून नीट बसवता येतो, आणि बहुधा दुरुस्ती पहिल्या ऑपरेशनपेक्षा लवकर आटोपते.

टेबलावर हे घडतं. भूल देताना मास्कने जोरात हवा ढकलायची नाही. जुनं पॅकिंग हळूहळू काढायचं, मग भूलतज्ज्ञाला छातीतला दाब क्षणभर वाढवायला सांगायचं; पाणी कुठल्या कोपऱ्यातून उसळतं ते दिसतं. हाडाच्या कडेभोवती निदान पाच मिलिमीटर अस्तर सोलून हाड उघडं करायचं. आतली पोकळी पोटाच्या चरबीने भरायची, पण ठासून नाही, वर लगेच डोळ्यांच्या नसा आहेत. ड्युराच्या आत कोलॅजन किंवा मांडीचा फॅशिया (स्नायूवरचं आवरण), छिद्रापेक्षा चहूबाजूंनी मोठा. त्यावर बाहेरून दुसरा थर, त्यावर फ्लॅप, कडा सर्जिसेलने (रक्तस्राव थांबवणाऱ्या, विरघळणाऱ्या जाळीने) दाबून, वर ग्लू. सगळ्यांत शेवटी आधार: मेरोसेल (फुगणारा स्पंज) किंवा १४ नंबरच्या फोलीचा, म्हणजे लघवीच्या नळीचा, फुगा. फुगा दुर्बिणीतून बघत, सलाईनने, फ्लॅपला नुसता टेकेल इतकाच फुगवायचा. जास्त फुगला तर फ्लॅपचं रक्त थांबतं किंवा नजर जाते. म्हणून शुद्धीवर आल्या आल्या दोन्ही डोळ्यांनी बोटं मोजायला लावतात, आणि पहिल्या रात्री ते पुन्हापुन्हा करायचं असतं. नातेवाईक म्हणून तुम्हीही विचारत राहा: एक डोळा झाकून समोरचं घड्याळ दिसतंय का? आधार साधारण पाच-सात दिवस राहतो.

दुरुस्तीनंतर पाणी थांबलं पण डोकं सतत जड, पहाटे दुखणं, नजर अंधुक, असं सुरू झालं तर दाब मोजला पाहिजे. वाट बंद झाल्यावर लपलेला दाब आता दिसू लागतो. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याच्या मागच्या नसेची सूज बघून घ्या. कमरेतून मोजलेला दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर असेल किंवा पोकळ्या फुगल्या असतील तर शंट, म्हणजे जादा पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी कायमची नळी, घालावा लागू शकतो. छिद्र उघडं असताना मात्र शंट घालू नये, हवा ओढण्याचं कारण तेच.

कानामागून गाठ काढलेल्यांना, उदाहरणार्थ श्रवणनसेची गाठ, हीच गळती वेगळ्या रूपात येते. पाणी कानामागच्या हाडातल्या हवेच्या कप्प्यांतून मधल्या कानात आणि तिथून कान-नाक जोडणाऱ्या नळीने नाकात उतरतं, आणि ऑपरेशन कानाचं असल्याने नाकाकडे कुणी बघत नाही. टाक्यांतून झिरपत असेल तर जास्तीचे टाके आणि घट्ट बँडेज, नाकातून येत असेल तर डोकं वर ठेवणं आणि कमरेची नळी, न थांबल्यास कप्पे बोनवॅक्स (हाडावर लावायचं मेण) आणि चरबीने पुन्हा बंद करणं, असा क्रम असतो.

घरी परतल्यावर नाक शिंकरणं, जड उचलणं, जोर लावणं सहा आठवडे बंद. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणीचा पंप आणि द्राक्षांचे क्रेट यांच्यासाठी त्याहून जास्त थांबा, सर्जनने दुर्बिणीत फ्लॅप पक्का बसलेला बघितल्यावरच. गंधकाच्या धुरळणीच्या दिवसांत बागेत जाऊच देऊ नका, शिंकांची रांग लागते. नाकात खपल्या धरतील, वास येणार नाही, ते अपेक्षित आहे. खपल्या बोटाने काढू नयेत, दुर्बिणीच्या भेटीत सर्जन काढतात. सलाईनने नाक धुणं त्यांनी तारीख सांगितल्यावरच सुरू करायचं. न्यूमोकॉकस या जंतूची लस घेतलेली नसेल तर कधी घ्यायची ते याच भेटीत ठरवा, कारण या वाटेने वर जाणाऱ्या जंतूंमध्ये तो पुढे असतो. आणि पहिले तीन महिने, सर्दी झाल्यासारखं वाटलं की गोळी घेण्याआधी खुर्चीत बसवून, डोकं पुढे झुकवून, एक मिनिट बघायचं.